दुकानात दिसायला सारख्या, डॅशबोर्डवर वेगळ्या: दोन डबल टेप

सोलापुरात नवी पेठेत ‘डबल टेप द्या’ म्हटलं की समोर दोनपैकी कुठलीही येऊ शकते. एक पांढऱ्या फोमची, घरात हुक नाहीतर फोटोफ्रेम चिकटवायला नेतात ती. दुसरी ॲक्रिलिक फोमची, बहुतेकदा करड्या किंवा काळ्या रंगाची. दोन्ही जाड, दोन्ही दोन्ही बाजूंनी चिकट. जुन्या गाडीच्या डॅशबोर्डची धातूची पट्टी परत बसवताना मात्र या दोघींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वडिलांच्या फियाटला नवा रंग दिल्यावर मी ती पट्टी पांढऱ्या टेपने बसवली, जानेवारीत. एप्रिलअखेरीस गाडी दुपारभर उन्हात होती. संध्याकाळी दार उघडलं तर पट्टीचं एक टोक लोंबत होतं आणि फोम मधोमध फाटला होता, अर्धा पट्टीला, अर्धा पत्र्याला. त्या पट्टीवर वडिलांच्या अंगठीचा ओरखडा आहे. तिच्या जागी नवी पट्टी मला नको आहे.

पांढरा फोम बहुधा पॉलिथिलीनचा असतो आणि त्यावरचा चिकट थर पुष्कळदा रबरी. लावल्याबरोबर घट्ट बसतो, म्हणून विश्वास बसतो. पण उष्णतेने तो थर मऊ पडतो आणि वजनाखाली हळूहळू सरकत राहतो. सोलापूरचा उन्हाळा 42-43 अंशांचा, आणि बंद गाडीत पुढच्या काचेखालचा डॅशबोर्ड 70 अंशांपर्यंतही तापू शकतो.

ॲक्रिलिक टेपमध्ये नुसता पृष्ठभाग नाही, आतला फोमसुद्धा ॲक्रिलिकचाच असतो. थ्रीएम कंपनीने ती 1980 मध्ये ‘व्हीएचबी’ नावाने आणली. आता इतरही कंपन्या बनवतात. बरेच प्रकार 90 अंशांच्या आसपासची उष्णता दीर्घकाळ सोसतात. त्याहून मोलाचा तिचा लवचिकपणा. एक मीटर ॲल्युमिनियम 50 अंशांनी तापलं की सुमारे 1.15 मिलिमीटर वाढतं, खालचा लोखंडी पत्रा मात्र 0.6 मिलिमीटरच. रोज दुपारी हा अर्ध्या मिलिमीटरचा ओढा, रोज रात्री उलटा. 1.1 मिलिमीटर जाडीची चांगली ॲक्रिलिक टेप आपल्या जाडीच्या तिप्पट आडवी हालचाल सोसते. सुपरग्लू इथे म्हणूनच नको: ते कडक होतं, शिवाय त्याच्या वाफेने चकचकीत धातूवर पांढुरकी झाक येते.

दुकानात ओळखायची कशी? वरच्या लाल कागदावर जाऊ नका, तो साध्या टेपलाही असतो. बोटभर तुकडा मागून ताणा. पांढरा फोम थोडा ताणला जातो आणि तुटतो. ॲक्रिलिक च्युइंगमसारखी लांबत जाते आणि सोडल्यावर सावकाश आखडते.

तरीही चांगल्या टेपने सगळं सुटत नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. काढताना वाकलेली पट्टी दाबून चिकटवली तर ती स्प्रिंगसारखी सतत उचलत राहते. एका टोकावर कायम येणारा असा ओढा कुठलीच टेप फार काळ धरत नाही. आधी पट्टी हाताने सरळ करत आणा, नुसती ठेवल्यावर डॅशबोर्डला सगळीकडे टेकली पाहिजे. मागचे स्टड (बारीक खुंट्या) किंवा स्प्रिंग क्लिप शाबूत असतील तर पट्टी त्यांच्यावरच बसवा. टेप फक्त तुटलेल्या जागी.

नवा रंग पूर्ण सुकायला काही आठवडे द्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन पट्टीची मागची बाजू आणि डॅशबोर्ड, दोन्ही पुसा. थिनर नको, रंग उतरेल. सोलापुरी टॉवेलही नको, त्याचे तंतू चिकटून राहतात. जुनं धुवट सुती कापड बरं. पट्टी अंगठ्याने इंच-इंच दाबत जा. पूर्ण पकड यायला 72 तास लागतात. तेवढे दिवस गाडी सावलीत ठेवा आणि काचेवर जुनी चादर टाका.

पुन्हा कधी काढायची झाली तर टोकाला पाना घालून उचकटू नका. हेअर ड्रायरने गरम करून नायलॉनचा दोरा पट्टीमागून करवतीसारखा ओढत न्या. उरलेली ॲक्रिलिक टेप अंगठ्याने घासली की गोळ्या होऊन निघते.