बेदी, राजिंदरसिंग

(१ सप्टेंबर १९१५ – ११ नोव्हेंबर १९८४). उर्दू कथा-कादंबरीकार व चित्रपटलेखक. जन्म लाहोरचा, वडील शीख, आई हिंदू. लाहोरच्या पोस्टात सुमारे दहा वर्षे कारकुनी, मग आकाशवाणी. फाळणीनंतर काही काळ ते जम्मू केंद्राचे संचालक होते. १९४९ च्या सुमारास मुंबईस आले आणि इथलेच झाले. पहिला कथासंग्रह दाना-ओ-दाम बहुधा १९३६ चा. काही नोंदींत त्यानंतरचे वर्ष आढळते. पुढे ग्रहण (१९४२) व अपने दुख मुझे दे दो (१९६५).

‘गरम कोट’ या कथेचे मूळ रशियन लेखक गोगोलच्या ओव्हरकोटवरील कथेत शोधण्याचा प्रघात आहे. कोटासाठी झुरणारा कारकून दोन्हींकडे आहे खरा. मात्र गोगोलचा कारकून एकटा. त्याचा कोट शिवून होतो आणि चोरीला जातो. बेदींचा कारकून बायकामुलांचा धनी. त्याची हरवलेली दहाची नोट फाटक्या खिशातून अस्तरात घसरलेली असते. ती सापडल्यावर बायको खरेदीला जाते आणि घरच्यांच्या मागण्या बाजूला ठेवून त्याच्या कोटाचे कापड घेऊन येते. तेव्हा ऋण मान्य करूनही ही कथा पोस्टाच्या खिडकीमागे सुचली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

एक चादर मैली सी (१९६२) या लघुकादंबरीस १९६५ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. शीर्षकातील चादर म्हणजे पंजाबातील ‘चादर घालणे’ किंवा ‘करेवा’ हा विधी : पंचांसमक्ष विधवेच्या अंगावर चादर टाकली की ती बहुधा दिराची बायको ठरे. मराठी वाचकाला ‘पाट’, म्हणजे विधवेचे दुसरे लग्न, आठवेल. पण पाट दिराशीच लागे असे नाही. करेव्यामागे जमीन व विधवा दोन्ही घरातच राखण्याचा हिशेब असल्याचे अभ्यासक सांगतात. टांगेवाल्या तिलोकाच्या घरात जमिनीचा प्रश्नच नाही, पोटाचा आहे. आणि ज्या धाकट्या दिराला, मंगलला, तिलोकाची बायको रानो हिने मुलासारखा वाढवला, त्याच्याशीच ती विधवा झाल्यावर तिला बांधले जाते.

फाळणीवरील ‘लाजवंती’त सुंदरलाल पळवून नेलेल्या स्त्रियांना घरात घ्या म्हणून प्रभातफेऱ्या काढतो. स्वतःची पळवली गेलेली बायको लाजवंती ऊर्फ लाजो परतल्यावर मात्र तो तिला देवी म्हणतो, तिची हकीकत ऐकून घेत नाही. गाजरावरून भांडणारी, मुळ्यावर समजूत पटणारी पूर्वीची लाजो तिला व्हायचे असते. लाजवंती म्हणजे आपले लाजाळू.

त्यांच्या उर्दूत पंजाबी वळणे फार, अशी तक्रार जाणकार करीत. उर्दू समीक्षक गोपीचंद नारंग यांनी या गद्याची पुराणकथात्मक मुळे दाखविली. ‘ग्रहण’मध्ये राहू-केतू कथेच्या गाभ्याशीच असल्याने हे मत पटते.

देवदास (१९५५), मधुमती (१९५८) यांचे संवाद त्यांचे. दस्तक (१९७०) त्यांनीच दिग्दर्शित केला. मूळ ‘नक्ल-ए-मकानी’ हे त्यांचेच नभोनाट्य. नवे जोडपे भाड्याच्या खोलीत येते, तिथे पूर्वी गाणारी राहत असे, आणि रात्री तिची जुनी गिऱ्हाइके दार ठोठावत राहतात. १९७२ मध्ये पद्मश्री. मुंबईत निधन.