हंगामअखेरची घसरण : फुटबॉल व्यवस्थापन गेम

हंगामअखेरची घसरण : फुटबॉल व्यवस्थापनाच्या संगणकीय गेममध्ये ऑगस्टपासून जिंकत आलेला संघ मार्च-एप्रिलमध्ये एकाएकी गुण गमावू लागतो, असा खेळणाऱ्यांचा अनुभव, आणि गेमच छुप्या नियमाने तसे घडवतो असा अनेकांचा संशय. ही चर्चा प्रामुख्याने ‘फुटबॉल मॅनेजर’ या मालिकेबद्दल होते. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांनी १९९२ मध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ आणला. त्यांनी स्थापलेली स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह ही संस्था २००४ पासून आताच्या नावाने गेम काढते. यात खेळणारा स्वतः चेंडू मारत नाही. तो संघ निवडतो, डावपेच ठरवतो, सराव लावतो. सामना गेमचे इंजिन, म्हणजे आतली संगणकीय आज्ञावली, खेळते.

सांगली-मिरज परिसराला फुटबॉल परका नाही. पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापूर आहे आणि तिथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा दिलबहार तालीम मंडळाचा सामना म्हणजे काय असते हे इथल्या पोरांना माहीत असते. त्यामुळे विश्रामबागेच्या वसतिगृहात रात्री लॅपटॉपवर लीग चालवणाऱ्यालाही ‘मार्च उजाडला की टीम ढेपाळते’ ही तक्रार पटकन पटते. साखरपट्ट्यात तर ती आणखी सहज पटते : ऊन चढले की गळीत हंगामाच्या शेवटी उसातून निघणाऱ्या साखरेचा उतारा उतरतोच, मग संघाचा का नाही उतरणार?

पण इथे एक मूलभूत फरक आहे. उतारा सगळ्याच कारखान्यांचा उतरतो. लीगमध्ये मात्र एकाचा पराभव हा दुसऱ्याचा विजय असतो. वीसच्या वीस संघांना एप्रिलमध्ये सारखेच खाली ओढणारा नियम गेममध्ये असता, तर गुणतक्त्यात त्याचा मागमूसही दिसला नसता. तेव्हा विचारायचा प्रश्न असा, की प्रतिस्पर्ध्याच्या तुलनेत आपलाच संघ का घसरतो? याचे उत्तर बहुतेक वेळा छुप्या नियमात नसते, खेळणाऱ्याने सप्टेंबरपासून घेतलेल्या निर्णयांत असते.

त्यातला सर्वांत मोठा वाटा थकव्याचा. गेममध्ये खेळाडूचे गुण १ ते २० या मापात असतात. दम हा गुण सामन्यात ताकद किती वेगाने खर्च होते हे ठरवतो, तर नैसर्गिक तंदुरुस्ती दोन सामन्यांच्या मध्ये ती किती भरून येते हे ठरवते. एखादा डावा बचावपटू शनिवारी लीग, बुधवारी चषक आणि पुन्हा शनिवारी लीग असा खेळत राहिला, तर सामन्याच्या सकाळी त्याची कंडिशन, म्हणजे त्या वेळची ताकद, ठीक दिसते. ‘फुटबॉल मॅनेजर २०२१’ पासून ती टक्क्यांऐवजी हृदयाच्या चिन्हाने दाखवतात. ते चिन्ह हिरवे, म्हणून त्याला पुन्हा उतरवले जाते. पण हंगामभर साचत जाणारा थकवा ही वेगळी गोष्ट आहे. ती त्या हृदयात दिसत नाही आणि दोन दिवसांच्या आरामाने जात नाही. सतत प्रेसिंग करणारे, म्हणजे चेंडू हिसकावायला प्रतिस्पर्ध्यावर धावून जाणारे डावपेच असतील तर हा साठा झपाट्याने वाढतो, आणि सत्तराव्या मिनिटानंतर गोल खाण्याचे प्रसंग वाढतात.

यावर घाईघाईने केलेला उपाय अनेकदा नवा घोटाळा करतो. एप्रिलमध्ये जाग येऊन राखीव पाच जण एकदम खेळवले, तर त्यांचे पाय ताजे असतात पण शार्पनेस, म्हणजे प्रत्यक्ष सामने खेळून येणारी धार, गेलेला असतो, कारण महिनोन्‌महिने ते बेंचवर बसलेले असतात. म्हणजे एक गट दमलेला, दुसरा गंजलेला. खेळाडूंची अदलाबदल ऑक्टोबरपासून करावी लागते ती यासाठीच.

दुसरे कारण प्रतिस्पर्धी. जिंकत गेलेल्या संघाची प्रतिष्ठा वाढते, तसे समोरचे संघ मागे बसून खेळू लागतात. सप्टेंबरमध्ये मोकळी मिळणारी जागा मार्चमध्ये मिळत नाही, आणि डावपेच तेच राहतात. मोराल, म्हणजे खेळाडूंचे मनोधैर्य, हेही कारण असतेच : लांबलेली कराराची बोलणी, जेतेपद हाती आल्यासारखे वाटून आलेली ढिलाई. शिवाय खेळणाराही थकतो. सुरुवातीला प्रत्येक सामन्याआधी संघाशी बोलणारा माणूस शेवटी सगळे साहाय्यकावर सोपवून नुसता पुढे-पुढे जातो.

उरतो तो योगायोग, आणि त्याचे माप लोक फार कमी धरतात. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ६० टक्के असलेला चांगला संघ घ्या. ३८ सामन्यांच्या हंगामात या संघाला कुठे ना कुठे सलग चार सामने विजय न मिळण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे साधारण पाचांपैकी दोन हंगामांत. ही चौकडी ऑक्टोबरात आली तर विसरली जाते, एप्रिलात आली तर जेतेपद नेते आणि कायम लक्षात राहते.

खऱ्या मैदानावरही हीच कारणे एकमेकांत गुंतलेली दिसतात. २०२२-२३ च्या प्रीमियर लीगमध्ये आर्सेनल हंगामाचा बहुतांश काळ अव्वल होता. मार्चमध्ये बचावपटू विल्यम सालिबा जखमी होऊन उरलेल्या हंगामाला मुकला. एप्रिलमध्ये लिव्हरपूल, वेस्ट हॅम आणि साउथहॅम्प्टन यांच्याशी लागोपाठ बरोबरी झाली, मग मँचेस्टर सिटीकडून ४-१ अशी हार. सिटी ८९ गुणांवर विजेता, आर्सेनल ८४ वर दुसरा. हा हंगाम गेममध्ये कुणाच्या वाट्याला आला असता तर त्याने संगणकालाच दोष दिला असता.

शंका असेल त्याने ती तपासावी. फेब्रुवारीच्या शेवटी सेव्ह करून ठेवावे, तिथून तोच संघ आणि तेच डावपेच घेऊन हंगाम पुन्हापुन्हा शेवटपर्यंत न्यावा आणि प्रत्येक वेळचे गुण लिहून ठेवावेत. मग फक्त अदलाबदल बदलून तेच करावे. एकाच हंगामावरून निष्कर्ष काढणे मात्र टाळावे. लीगच्या लांबीचाही विचार हवा : इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत, चॅम्पियनशिपमध्ये, ४६ सामने असतात, तर इंडियन सुपर लीगच्या २०२४-२५ च्या हंगामात प्रत्येक संघाचे साखळी सामने २४ होते. पंधरा-सोळा खेळाडूंवर भारतीय लीग निभावते. त्याच भरवशावर चॅम्पियनशिप चालवायला घेतली, तर मार्चपर्यंत संघात पुरेसे ताजे पाय उरत नाहीत.