नदालचा चेंडू, नदालचं पाऊल

राफेल नदाल फ्रेंच ओपनमध्ये ११६ सामने खेळला आणि त्यांतले ११२ जिंकला. हरला तो चारदा: २००९ मध्ये रॉबिन सोडरलिंगकडून, २०१५ आणि २०२१ मध्ये नोव्हाक जोकोविचकडून आणि २०२४ मध्ये अलेक्झांडर झ्वेरेवकडून. त्या एका स्पर्धेची चौदा विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत. कुठल्याही एका ग्रँड स्लॅम स्पर्धेत (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकीत) एकेरीची इतकी विजेतेपदं दुसऱ्या कोणालाही, पुरुषाला वा स्त्रीला, मिळवता आलेली नाहीत.

याचं श्रेय सहसा जिद्दीला दिलं जातं. जिद्द होतीच, पण तेवढ्यावर थांबणं मला अपुरं वाटतं, कारण त्याच्यासमोर उभे राहणारेही काही कमी जिद्दीचे नव्हते. पॅरिसच्या लाल मातीवर नदालचा चेंडू जसा वागायचा तसा इतर कोणाचा वागत नव्हता. तो तसा का वागायचा हे भौतिकशास्त्राच्या भाषेत नीट सांगता येतं, आणि तसा चेंडू मारण्यासाठी त्याच्या शरीराने काय किंमत मोजली हेही.

नदालचा जन्म ३ जून १९८६ चा, स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या मानाकोर गावातला. एक काका मिगेल आंखेल बार्सिलोनाकडून फुटबॉल खेळणारा, तर दुसरा काका टोनी टेनिसचा प्रशिक्षक. राफेलच्या हातात रॅकेट दिली ती टोनीने, आणि पुढे २०१७ पर्यंत तो त्याच्यासोबत राहिला. राफेल लिहितो उजव्या हाताने, गोल्फही उजव्या हाताने खेळतो. लहानपणी मात्र तो फोरहँड (रॅकेटच्या हाताच्या बाजूचा फटका) आणि बॅकहँड (त्याच्या उलट बाजूचा) हे दोन्ही फटके दोन्ही हातांनी मारायचा. पुढे फोरहँडसाठी एक हात सोडायची वेळ आली तेव्हा रॅकेट राहिली डाव्या हातात. त्यामुळे त्याच्या दोन हातांच्या बॅकहँडला उजव्या, म्हणजे लिहित्या हाताचं बळ मिळालं, आणि फोरहँड डाव्या बाजूने येऊ लागला. या डाव्या बाजूचं महत्त्व पुढे कळेल.

आता चेंडूकडे येऊ. वेगवान कॅमेऱ्यांनी नदालचा फोरहँड टिपला गेला तेव्हा चेंडूची फिरकी सरासरीने मिनिटाला ३,२०० फेऱ्यांच्या आसपास भरली. काही फटके तर ५,००० च्या जवळ जाणारे होते. याच पद्धतीने मोजलेला त्याचा प्रतिस्पर्धी रॉजर फेडररचा आकडा होता साधारण २,७००, आणि आधीच्या पिढीतल्या सॅम्प्रस-आगासींचा दोन हजारांच्याही खाली. नदालचा चेंडू सेकंदाला पन्नासहून जास्त वेळा स्वतःभोवती फिरत होता. ही फिरकी पुढच्या दिशेची, म्हणजे टॉपस्पिन. चेंडूचा वरचा भाग पुढे जातो आणि खालचा मागे.

फिरणारा चेंडू हवेत वळतो हे पाहणाऱ्यांत न्यूटनही होता. १६७२ मध्ये प्रकाशाच्या प्रयोगांबद्दल लिहिलेल्या पत्रात त्याने तिरप्या रॅकेटने मारलेल्या टेनिसच्या चेंडूचा वक्र मार्ग आठवला आहे. दोनशे वर्षांनी, १८७७ मध्ये, लॉर्ड रॅले यांनी टेनिसच्या चेंडूच्या याच वळणावर निबंध लिहिला. आज या परिणामाला जर्मन शास्त्रज्ञ माग्नुसचं नाव आहे. टॉपस्पिनमध्ये चेंडूचा वरचा पृष्ठभाग समोरून येणाऱ्या हवेच्या विरुद्ध फिरतो, खालचा तिच्याबरोबर. त्यामुळे चेंडूमागून सुटणारी हवा वरच्या दिशेला ढकलली जाते आणि तिची प्रतिक्रिया म्हणून चेंडू खाली दाबला जातो. चेंडूवरची लव हवेला चांगली पकड देते, म्हणून हा परिणाम आणखी ठळक होतो.

खेळाडूला याचा फायदा काय? जाळं मध्यभागी ९१.४ सेंटीमीटर उंच असतं. फिरकी न देता जोरात मारलेला चेंडू जाळ्याच्या अगदी थोडा वरून गेला तरच आत पडतो. किंचित खाली आला तर जाळ्यात, किंचित वर गेला तर मैदानाबाहेर. टॉपस्पिन असेल तर चेंडू जाळ्याच्या मीटरभर वरून जाऊ शकतो आणि तरीही शेवटच्या रेषेच्या आत उतरतो. म्हणजे पूर्ण ताकदीने मारूनही चुकीला जागा उरते. नदाल बेधडक मारतो असं वाटायचं, पण त्याचा प्रत्येक फोरहँड विलक्षण सुरक्षित असायचा.

इतकी फिरकी येण्यात तारांचा वाटा मोठा. चेंडू तारांवर टेकतो तो जेमतेम चार-पाच हजारांश सेकंद. जुन्या तारा चेंडूच्या रेट्याने बाजूला सरकत आणि बऱ्याचदा तशाच अडकून राहत. पॉलिएस्टरच्या तारा ताठ आणि गुळगुळीत असतात. त्या सरकतात आणि चेंडू अजून टेकलेला असतानाच झटक्याने मूळ जागी परततात, जाता जाता चेंडूला जादा फिरकी देतात. १९९७ मध्ये ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्तेनने अशा तारा वापरून फ्रेंच ओपन जिंकलं आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. नदाल या तारांच्या काळात घडलेला खेळाडू. रॅकेट खालून जवळजवळ सरळ वर नेऊन डोक्यावरून मागे फिरवायची ही त्याची लकब जुन्या तारांवर इतकी फळली नसती, असं मला वाटतं.

आता माती. रोलां गॅरोची, म्हणजे फ्रेंच ओपन जिथे खेळली जाते त्या पॅरिसच्या मैदानांची, लाल माती म्हणजे विटांची पूड, आणि तिचा थर असतो केवळ एक-दोन मिलिमीटरचा. त्याखाली चुनखडीची भुकटी, कोळशाच्या राखेचे खडे, खडी आणि दगड असे थर असतात. या पृष्ठभागावर घर्षण गवतापेक्षा बरंच जास्त. टप्पा पडताना चेंडूचा पुढे जाण्याचा वेग कमी होतो आणि तो जास्त उंच उठतो. त्यात टॉपस्पिनचा चेंडू मुळातच तीव्र कोनात खाली येतो, म्हणून उसळतोही जास्त. शिवाय त्याची खालची बाजू मागे फिरत असल्यामुळे मातीवरची घसरण कमी होते आणि पुढचा वेग इतर फटक्यांइतका मरत नाही. थोडक्यात, चेंडू खांद्याएवढा उंच येतो आणि वर अंगावरही येतो.

डावखुऱ्या नदालने हा चेंडू तिरका मारला की तो उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बॅकहँडवर जायचा. एका हाताने बॅकहँड मारणाऱ्याला खांद्याच्या उंचीवर ताकद लावणं फार अवघड, कारण त्या स्थितीत खांद्याचे स्नायू तोकडे पडतात. रॉजर फेडररला याचा त्रास वर्षानुवर्षं झाला. दोघांमधल्या मातीवरच्या १६ सामन्यांपैकी १४ नदालने जिंकले. फेडररने पुढे मोठ्या तोंडाची रॅकेट घेतली, चेंडू वर चढण्याआधीच तो बॅकहँडने मारू लागला, आणि २०१७ मध्ये त्याने नदालला चारही वेळा हरवलं. ते चारही सामने हार्ड कोर्टवरचे, म्हणजे मातीऐवजी कठीण पृष्ठभागावरचे होते, हेही लक्षात ठेवायला हवं.

पॅरिसमध्ये नदालला हरवणाऱ्या तिघांकडे पाहिलं तर हेच गणित उलटं दिसतं. सोडरलिंग १.९३ मीटर उंच. इतरांच्या खांद्यावर येणारा चेंडू त्याला सोयीच्या उंचीवर मिळायचा. झ्वेरेव त्याच्याहूनही उंच. जोकोविच दोन हातांनी बॅकहँड मारतो आणि चेंडू चढत असतानाच गाठतो.

पण उसळीने सगळं समजतं असंही नाही. २०२० ची स्पर्धा महामारीमुळे मे-जूनऐवजी सप्टेंबरअखेर सुरू झाली. थंडी होती, हवा दमट होती. टेनिसच्या नियमांनुसार २५४ सेंटीमीटरवरून सोडलेला चेंडू १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळावा लागतो, पण ती चाचणी साधारण २० अंश तापमानातली. थंडीत रबर मंदावतं, आतल्या वायूचा दाब उतरतो, ओली माती लवेला चिकटून चेंडू जड होतो. नदालचं मुख्य हत्यारच बोथट व्हावं अशी ही परिस्थिती. तरी त्याने एकही सेट न गमावता स्पर्धा जिंकली आणि अंतिम सामन्यात जोकोविचला ६-०, ६-२, ७-५ असं हरवलं. त्या सामन्यात त्याने चेंडूची खोली बदलली, ड्रॉप शॉट (जाळ्याजवळच हळूच टाकलेले चेंडू) परतवून लावले, बॅकहँड सपाट मारला. मला त्याच्या चौदा विजयांत हा सर्वांत मोठा वाटतो.

फोरहँडची ताकद दंडातून येते असं आपल्याला वाटतं. खरं तर पाय जमिनीला दाबतो, जमीन पायाला उलट ढकलते आणि ते बल गुडघा, कंबर, धड, खांदा असं वर चढत मनगटापर्यंत पोहोचतं. साखळीत खालची एखादी कडी दुबळी असेल तर तिचा भार वरच्या कड्यांवर येतो. नदालची दुबळी कडी सगळ्यात खाली होती.

२००५ मध्ये, पहिलं फ्रेंच ओपन जिंकल्यानंतर काही महिन्यांतच, त्याच्या डाव्या पायाच्या दुखण्याचं निदान झालं: म्युलर-वाइस सिंड्रोम. पावलाच्या आतल्या कमानीत नावेच्या आकाराचं एक छोटं हाड असतं. चालताना-धावताना कमानीचा बराच भार त्यावर येतो, आणि त्याच्या मध्यभागी रक्तपुरवठा मुळातच कमी. या आजारात हाडाचा तो भाग हळूहळू मरतो, चपटा होतो आणि आजूबाजूचे सांधे झिजतात. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कारकीर्द संपते की काय अशी वेळ आली होती. उपाय निघाला तो बुटातल्या खास तळव्याचा. त्याने पावलावरचा भार दुसरीकडे वळवला, पण भार नाहीसा थोडाच होतो! पुढे गुडघ्यांचं दुखणं पाठीशी लागलं. २०१२ मध्ये त्यापायी त्याला सात महिने बाहेर बसावं लागलं.

असा खेळ तिशीपर्यंत टिकणार नाही, असं तेव्हा बरेच जाणकार म्हणत. त्याच्या २२ ग्रँड स्लॅमपैकी आठ त्याने तिशीनंतर जिंकली. यामागे हिशेब होता. स्पर्धा कमी केल्या, सर्व्हिस सुधारली, जाळ्याजवळ जाणं वाढवलं, म्हणजे एकेक गुण कमी धावपळीत मिटू लागला.

२०२२ मध्ये पाऊल इतकं दुखत होतं की फ्रेंच ओपन खेळताना त्याला पायाच्या नसा बधिर करणारी इंजेक्शनं घ्यावी लागली. बधिर पावलाने कसं खेळता येतं? पाऊल हलवणारे बरेचसे मोठे स्नायू पोटरीत असतात, त्यामुळे हालचाल शाबूत राहते. शरीराचा तोल मेंदूला फक्त तळव्यातून कळत नाही. पोटरीचे स्नायू, घोटा, आतला कान आणि डोळे हेही सतत खबर देत असतात. तरी तळव्याची संवेदना नसताना मातीवर घसरत जाऊन थांबायचं आणि तिथूनच उलट वळायचं, हे थक्क करणारं आहे. वेदना धोक्याची सूचना देते आणि ती सूचनाच बंद केलेली होती, म्हणून हे धोक्याचंही होतं. अंतिम सामन्यात त्याने कॅस्पर रूडला ६-३, ६-३, ६-० असं हरवलं आणि त्यानंतर सांगून टाकलं की इंजेक्शनांवर यापुढे खेळणार नाही. मग रेडिओ लहरींनी नसेची वेदना कमी करण्याचा उपचार झाला आणि तो विम्बल्डनला उतरला. तिथे उपांत्य फेरीआधी पोटाचा स्नायू फाटला.

२०२३ च्या जानेवारीत कंबरेजवळचा, मांडी वर उचलणारा स्नायू दुखावला आणि जूनमध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. २०२४ मध्ये तो परतला, पण आता चेंडूपर्यंत पोहोचायलाच उशीर होऊ लागला होता. उशिरा पोहोचलेल्या खेळाडूला रॅकेट पुरेशी खाली नेता येत नाही, आणि ती खाली गेली नाही तर वर चढणारा तो झोकाही मिळत नाही. त्या नोव्हेंबरमध्ये, मालागाला झालेल्या डेव्हिस कप या देशांच्या संघांच्या स्पर्धेनंतर, वयाच्या ३८ व्या वर्षी तो निवृत्त झाला. पायाच्या निदानानंतर १९ वर्षं तो खेळला होता.