मांजरेच्या पाणलोटात माती अडली, खताचं काय?

मांजरा नदी बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. पुढे केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे आणि लातूर शहराची तहान त्यावर भागते. २०१६च्या उन्हाळ्यात धरण कोरडं पडलं, मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच वेळी लातूरकरांनी वर्गणी काढून नदीपात्रातला गाळ उपसला. हा गाळ वरच्या शिवारांतून वाहून आलेला, म्हणजे शेतकऱ्याची कसदार माती आणि तिला चिकटलेलं खत न् औषध.

पाणलोटाची, म्हणजे शिवारातली माती आणि पाणी अडवायची, कामं मराठवाड्यात दुष्काळाने आणली. १९७२ नंतर रोजगार हमीवर बांधबंदिस्ती आणि पाझर तलाव झाले, १९८३ मध्ये सर्वंकष पाणलोट विकास कार्यक्रम आला. पण खोल काळ्या जमिनीत समपातळी बांधाला (उताराला आडव्या, एकाच पातळीत घातलेल्या बांधाला) पाणी तुंबायचं, पीक पिवळं पडायचं; मग शेतकरी बांध नांगरून मोकळा व्हायचा. गावाला न विचारता केलेलं काम टिकत नाही, हे तिथेच कळायला हवं होतं.

जालन्याजवळच्या कडवंचीत ते कळलं. १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात कृषितज्ज्ञ विजयअण्णा बोराडे आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने गावाला सोबत घेतलं. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी या अटी गावाने पाळायच्या होत्या. काम माथ्यापासून पायथ्याकडे आलं. पुढे तिथे शेततळी आणि द्राक्षबागा उभ्या राहिल्या. मराठवाड्यात सगळ्यांनी जाऊन पाहावं असं हे गाव आहे.

मात्र या साऱ्या प्रवासात हिशेब पाण्याचा आणि मातीचाच झाला, खताचा नाही. जुलैत आभाळ भरून आलं की कपाशीत युरिया फेकायची घाई होते. त्याच रात्री मोठा पाऊस पडला तर सकाळी ओघळीतून गढूळ लोंढा जातो आणि पोत्यातला बराच युरिया त्याच्यासोबत. उसाला तर मात्रा आणखी जास्त.

बांध आणि नाल्याकाठचं गवत मातीला धरून असलेलं स्फुरद (फॉस्फरस) व कीटकनाशक अडवतं. युरियातल्या नत्राचं (नायट्रोजनचं) तसं नाही. जमिनीत त्याचं नायट्रेट होतं, ते पाण्यात विरघळतं आणि आपण जिरवलेल्या पाण्याबरोबर थेट विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. ती ओलांडलेलं पाणी वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला फार घातक, आणि उकळल्याने नायट्रेट जात नाही. म्हणून जिथे पाणी जिरवण्याचं काम चांगलं झालंय, तिथेच खताची मात्रा आधी कमी व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

साधनं गावात आलेली आहेत. रुंद वरंबा सरीवर, म्हणजे रुंद गादीवाफा आणि दोन्ही बाजूंना सरी अशा पद्धतीने, सोयाबीन पेरलं की जोरदार पावसातही माती कमी वाहते. सोयाबीन स्वतःच हवेतलं नत्र घेतं, त्याला युरियाची दुसरी खेप लागत नाही. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच महिलांना पाणी तपासायचं शिकवलं. त्यांच्या संचात नायट्रेटची चाचणी आहे. ती पावसाळ्याआधी आणि नंतर अशी दोनदा करून आकडे ग्रामसभेत वाचले जावेत, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला ज्यांची शेतं आहेत त्यांना आवर्जून बोलवावं.