झिलाम (ॲनिमेशन कंपनी)

झिलाम ही दूरचित्रवाणी मालिका आणि चित्रपटांची निर्मिती करणारी फ्रेंच ॲनिमेशन कंपनी असून तिचे मुख्यालय पॅरिस येथे आहे. निर्माते मार्क द्यु पाँताव्हीस यांनी १९९९ साली तिची स्थापना केली. भारतीय प्रेक्षकांना कंपनीचे नाव बहुधा ठाऊक नसते. तिचा निळा बोका ऑगी आणि त्याचा फ्रीज रिकामा करणारी तीन झुरळे मात्र घरोघरी ओळखीची आहेत.

कंपनीचे मूळ गोमाँ या जुन्या फ्रेंच चित्रपटसंस्थेच्या मल्टिमीडिया विभागात आहे. द्यु पाँताव्हीस यांच्या देखरेखीखाली या विभागाने १९९७ साली, पृथ्वीवर अडकून एका भाड्याच्या घरात लपून राहिलेल्या परग्रहवासीयांची विनोदी मालिका काढली. तिचे शीर्षकगीत अमेरिकन रॉक गायक इगी पॉप यांनी गायिले होते. पुढच्याच वर्षी ‘ऑगी आणि झुरळे’ आली. या दोन्ही मालिकांचे जनक झाँ-ईव रँबो हे होत. १९९८ मध्येच त्यांचे निधन झाल्याने ऑगीचा जगभरचा प्रवास त्यांना पाहता आला नाही. गोमाँमधून बाहेर पडताना द्यु पाँताव्हीस यांनी हा वारसा सोबत आणला आणि त्यावर झिलाम उभी राहिली.

ऑगीच्या मालिकेचा भाग साधारण सात मिनिटांचा असतो आणि कथानक म्हणावे असे त्यात फार थोडे असते. बोक्याला स्वस्थपणे टीव्ही पाहायचा असतो, जोई, मार्की आणि डी डी ही झुरळे ते होऊ देत नाहीत, आणि घराची दाणादाण उडते. (झुरळांची नावे ‘रामोन्स’ या पंक रॉक वाद्यवृंदातील वादक-गायकांवरून घेतलेली आहेत.) पात्रे हसतात, किंचाळतात, कण्हतात, पण बोलत नाहीत. सगळा विनोद देहाच्या ताणण्या-आक्रसण्यावर, ठेक्यावर आणि ध्वनिपरिणामांवर उभा असतो. ही मूकविनोदाची जुनी परंपरा झाली. झिलामने मात्र तिच्यातली व्यापारी सोय नेमकी हेरली. संवादच नसल्याने भाषांतराचा खर्च नाही, आणि विनोद सीमेपलीकडे जाताना सांडतही नाही. शेकडो भागांनंतरही ही मालिका टिकून राहिली, त्यामागे हे गणित आहे.

गंमत अशी की, भारतात नेमके याच्या उलट घडले. येथे कार्टून नेटवर्क, निकेलोडियन, सोनी याय अशा वाहिन्यांवरून ही मालिका दाखवली गेली आणि हिंदी आवृत्तीत मुक्या पात्रांच्या तोंडी चक्क संवाद घातले गेले. ऑगी शाहरुख खानच्या ढंगात आणि त्याचा तापट भाऊ जॅक सनी देओलच्या ढंगात बोलू लागला. मूळ कलाकृतीच्या शिस्तीला हा धक्काच होता, तरीही भारतातील लोकप्रियतेत या नकलांचा वाटा मोठा आहे हे नाकारता येत नाही. पुढे ‘नेक्स्ट जनरेशन’ या नव्या पर्वात पिया ही लहान हत्तीण ऑगीच्या घरी राहायला आली; ती त्याच्या भारतीय मित्रांची मुलगी दाखवली आहे.

‘झिग आणि शार्को’ (२०१०) ही मालिकाही निःशब्दच आहे. एका बेटावरील तरसाला जलपरी खायची असते आणि तिच्यावर जीव लावणारा शार्क त्याला चोप देत राहतो. या मालिकेचे जनक ऑलिव्हिए झाँ-मारी यांनी ऑगीच्याही अनेक पर्वांचे दिग्दर्शन केले होते. बेल्जियन चित्रकथांतील काउबॉय लकी ल्यूक याच्यावर आधारलेली मालिका आणि २००७ चा चित्रपट, तसेच ऑगीचा २०१३ चा चित्रपट हेही त्यांचेच काम. पॅरिसशिवाय लियाँ, आंगुलेम आणि व्हिएतनाममधील हो चि मिन्ह सिटी येथेही कंपनीचे स्टुडिओ आहेत.

चित्रपटांत कंपनीची सुरुवात बिकट झाली. ‘काएना’ (२००३) हा संपूर्णपणे संगणकावर घडवलेल्या पहिल्या फ्रेंच चित्रपटांपैकी एक होता. तो बनत असतानाच तो घडवणारा शामाँ हा स्टुडिओ बुडाला, झिलामने काम पुरे केले, पण तिकीटबारीवर चित्रपट चालला नाही.

कंपनीची खरी कलात्मक ओळख ‘झे पेर्दू माँ कोर’ म्हणजे ‘मी माझे शरीर गमावले’ (२०१९) या प्रौढांसाठीच्या चित्रपटाने झाली. गियोम लोराँ यांच्या कादंबरीवरून जेरेमी क्लापँ यांनी तो दिग्दर्शित केला. प्रयोगशाळेच्या फ्रीजमधून निसटलेला एक तुटका हात आपल्या शरीराच्या शोधात पॅरिसभर सरपटतो, आणि त्याला समांतर नौफेल या पिझ्झा पोचवणाऱ्या तरुणाची कथा उलगडते. हाताला ना चेहरा, ना वाणी. त्याची भीती आणि हट्ट केवळ बोटांच्या हालचालींतून कळतो. ऑगीच्या कारखान्यात मुरलेले मूक अभिनयाचे कसब येथे अगदी वेगळ्या, शोकाकुल सुरात वापरलेले दिसते. ‘ब्लेंडर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्रिमितीय आकृत्या हलवून त्यांवर पुन्हा रेखाटन करण्याची पद्धत अवलंबल्याने चित्रांना हाताच्या रेषेचा खरखरीतपणा आला. कान चित्रपट महोत्सवातील ‘समीक्षक सप्ताह’ या विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळवणारा हा पहिलाच ॲनिमेशनपट ठरला. आनसी या ॲनिमेशनपटांच्या महोत्सवात त्याने परीक्षकांचा आणि प्रेक्षकांचा असे दोन्ही पुरस्कार पटकावले, २०२० मध्ये त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले, आणि सेझार या फ्रेंच चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्तम ॲनिमेशनपटाबरोबरच डान लेव्ही यांच्या संगीताचाही गौरव झाला.