फुल्ल भरलेली एसयूव्ही, खंडाळ्याचा घाट आणि ब्रोशरमधले आकडे

क्रेटा, सेल्टॉस, एलेव्हेट, ग्रँड विटारा, हायरायडर, कुशाक, टायगुन... या सगळ्या मध्यम आकाराच्या एसयूव्हींचे ब्रोशर शेजारी-शेजारी ठेवले की एक गोष्ट लगेच दिसते, बहुतेकांचं इंजिन दीड लिटरचं आणि बऱ्याच व्हेरिएंटची ताकद ११५ ते १२० पीएसच्या (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवर) घरात. मग लोक म्हणतात सगळ्या सारख्याच आहेत, सनरूफ कोणाला मोठं आहे ते बघू. पण ११५ पीएस हा आकडा इंजिन जोरात फिरत असताना मोजलेला असतो, आणि आपण गाडी तशी फार क्वचित चालवतो. म्हणून मला मनापासून वाटतं की तुलना करायची तर घरातले पाच जण, डिकीत बॅगा आणि समोर घाट, असं डोक्यात ठेवून करावी. कारण फरक तिथेच उघडा पडतो.

बहुतेकांचं इंजिन दीड लिटरचंच का, तर त्याचं कारण सायन्समध्ये कमी आणि टॅक्समध्ये जास्त आहे. आधीच्या जीएसटीमध्ये ४ मीटरपेक्षा लांब, १५०० सीसीच्या वर आणि १७० मिलिमीटर किंवा जास्त ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची) असलेल्या गाडीवर सेस (वरचा जादा कर) धरून ५० टक्के टॅक्स लागायचा, १५०० सीसीच्या आत राहिलं की थोडा कमी. म्हणून ही इंजिनं १४६२ ते १४९८ सीसीमध्ये अडकलेली दिसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि या सेगमेंटला सरळ ४० टक्के लागतात, पण इंजिनं तर आधीच बनलेली होती.

आता घाट. क्रेटाच्या साइझची गाडी माणसं आणि सामान धरून १७०० किलोची झाली समजा, आणि रस्ता दर १०० मीटरला ५ मीटर चढतोय. ताशी ६० ने चढायचं तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध साधारण ८३० न्यूटन, टायर घरंगळण्यात जाणारे १८० आणि हवेचे १४०-१५० न्यूटन, एवढा जोर सतत लावावा लागतो. त्याची पॉवर काढली तर २६ पीएस येते, गिअरबॉक्समधला तोटा धरला तर ३० च्या आसपास. म्हणजे ११५ पीएसच्या गाडीला हे अगदी सोपं असायला हवं, नाही का? मग टर्बो (तो काय ते पुढे येतंच) नसलेली गाडी घाटात दमल्यासारखी का वाटते?

कारण पॉवर म्हणजे टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) गुणिले इंजिनच्या फिरण्याचा वेग. क्रेटाचं साधं १.५ पेट्रोल १४४ न्यूटन मीटर टॉर्क देतं, पण तो ४५०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर. आपण वरच्या गिअरमध्ये आरामात चाललोय, इंजिन १८०० वर आहे, तेव्हा टॉर्क समजा १३० मिळतोय, तर त्या क्षणी पायाखाली फक्त ३३ पीएस आहेत. लागतात ३०. म्हणजे गाडी चढतेय, पण पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करायला हातात काहीच शिल्लक नाही, मग गिअर खाली टाका, इंजिन ओरडायला लागणार आणि मागून आई विचारणार गाडीला काय झालं. गाडीला काहीही झालेलं नसतं, ती तिच्या स्वभावाप्रमाणेच चालतेय.

टर्बोमध्ये काय होतं तर सायलेन्सरकडे वाया चाललेल्या गरम धुराच्या जोरावर एक छोटी चक्की फिरते आणि ती आत येणारी हवा दाबून भरते. जास्त हवा म्हणजे जास्त ऑक्सिजन, मग जास्त पेट्रोल जाळता येतं आणि पिस्टनवर धक्का मोठा बसतो, तोही कमी आरपीएमला. कुशाक-टायगुनचं १.५ टीएसआय टर्बो पेट्रोल २५० न्यूटन मीटर टॉर्क १६०० आरपीएमपासून देतं, क्रेटाचं टर्बो २५३ टॉर्क १५०० पासून, आणि क्रेटाचं डिझेल २५० पण १५०० पासूनच. त्याच १८०० आरपीएमला २५० टॉर्क असेल तर पॉवर होते ६४ पीएस, साध्या इंजिनच्या जवळपास दुप्पट. ब्रोशरमध्ये डिझेल ११६ पीएस आणि साधं पेट्रोल ११५ पीएस असं शेजारी लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं फरक एका पीएसचा आहे! म्हणून माझं सांगणं असं की पॉवरचा आकडा सोडा आणि टॉर्क किती आरपीएमपासून मिळतो ते आधी बघा.

महाबळेश्वरसारख्या १३५० मीटर उंचीवर अजून एक गोष्ट होते, तिथली हवा १२ ते १५ टक्के विरळ असते, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद तेवढीच घटते. टर्बो थोडं जास्त फिरून ती कसर बरीच भरून काढतो.

हायब्रिडची, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीची, गोष्ट मात्र वेगळी आहे आणि मला स्वतःला ती सगळ्यात सुंदर वाटते. ग्रँड विटारा आणि हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये तीन सिलिंडरचं ९२ पीएसचं इंजिन आणि ८० पीएसची मोटर असते, बेरीज १७२ व्हायला हवी पण कंपनी ११६ च सांगते, कारण मोटरला लागणारी वीज बॅटरीतून येणार आणि छोटी बॅटरी एका वेळी एवढी वीज देऊच शकत नाही. हे इंजिन अ‍ॅटकिन्सन सायकलवर चालतं, म्हणजे हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, दाबण्याचा प्रवास लहान आणि फुगण्याचा प्रवास लांब, त्यामुळे जळलेल्या पेट्रोलमधून जास्त काम निघतं. बदल्यात खालच्या आरपीएमला जोर कमी पडतो, आणि नेमका तिथेच मोटरचा टॉर्क शून्य वेगापासून तयार असतो. एकाची कमतरता दुसऱ्याने भरलीय.

आता खोपोली ते लोणावळा घ्या. चढ साधारण ५५० मीटरचा. १७०० किलो तेवढे वर उचलायला ९२ लाख ज्यूल लागतात, आपल्या वीजबिलाच्या भाषेत अडीच युनिट. इंजिन पेट्रोलमधली ३० टक्के ऊर्जा कामाला लावतं असं धरलं तर नुसतं वर उचलण्यासाठीच जवळपास १ लिटर पेट्रोल जातं. परत उतरताना साधी गाडी ही सगळी कमाई हवेत, टायरमध्ये आणि ब्रेक तापवण्यात घालवते. हायब्रिडमध्ये मोटर उलटी चालून जनरेटर होते आणि त्यातला काही भाग परत बॅटरीत टाकते, पण बॅटरी आहे ०.७६ युनिटची, पाऊण युनिट म्हणा. ती लांब उतारावर घाट संपायच्या आधीच भरू शकते, आणि भरली की पुढची वीज ठेवायला जागाच नाही, मग गाडी इंजिन नुसतं फिरवून वेग अडवते आणि इंजिनचा आवाज वाढतो. नवीन मालक यालाच घाबरतात, पण ते नॉर्मल आहे आणि ब्रेक थंड राहायला चांगलंच आहे.

म्हणून हायब्रिडचं खरं घर शहर आहे, हडपसर, ठाणे, सिग्नलला थांबा, निघा, परत थांबा. प्रत्येक ब्रेकला थोडी वीज परत, आणि थांबलेलं असताना इंजिन बंद. २७.९७ किलोमीटर प्रति लिटर हा आकडा मात्र लॅबमधला आहे. ही टेस्ट रोलरवर होते, एसी बंद असतो आणि वेग ९० च्या वर जातच नाही. समृद्धीवर १२० चं लिमिट आहे, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १२० ला गेलात की सव्वादोन पट. तिथे ब्रेक क्वचित लागतो, म्हणून परत मिळवायला काही नसतंच, आणि एसयूव्हीचं उंच चौकोनी तोंड हवेला भिंतीसारखं आडवं येतं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, ज्यात लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, म्हणजे टाकीतली एकूण ऊर्जाच ६-७ टक्के कमी. तेव्हा मायलेज कमी मिळालं म्हणून लगेच गाडीला दोष देऊ नका.

डिझेलबद्दल थोडक्यात. रोज ४-५ किलोमीटरच जाणार असाल तर घेऊ नका. बीएस६ (सध्याच्या प्रदूषण नियमांच्या) डिझेलच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो, ती काजळी जाळायला धूर ५५०-६०० अंशांपर्यंत तापावा लागतो, आणि छोट्या फेऱ्यांमध्ये तो तेवढा तापतच नाही. दर आठवड्याला पुणे-कोल्हापूर करणाऱ्याला मात्र डिझेलसारखं सुख नाही.

ऑटोमॅटिक घेत असाल तर आत कुठला गिअरबॉक्स आहे ते विचाराच. कोरड्या क्लचचा ड्युअल क्लच (दोन क्लचचा) गिअरबॉक्स मोकळ्या रस्त्यावर मस्त, पण चढावर जाम लागला आणि गाडी इंच-इंच सरकवत राहिलात तर क्लच घासून तापतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये तेच काम तेल करतं. एलेव्हेटच्या सीव्हीटीत (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स) आणि हायब्रिडमध्येही असा रांगणारा क्लच नाही.

आता सेफ्टी, आणि यावर मी जरा जास्त बोलणार. भारत एनकॅप, म्हणजे गाड्या आपटून सुरक्षेचे स्टार देणारी टेस्ट, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं. समोरची टक्कर ६४ च्या वेगाने, बाजूची ५० ने आणि खांबावर आडवी २९ ने. मोठ्यांसाठी ३२ मार्क, मुलांसाठी ४९, आणि पाच स्टारला निदान २७ आणि ४१ हवेत. नुसते स्टार मोजू नका, ते कुठल्या वर्षीच्या नियमाने मिळाले तेही बघा. सेल्टॉसला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपने ३ स्टार दिले ते जुन्या नियमाने, कुशाक-टायगुनला २०२२ मध्ये ५ मिळाले ते नव्या कडक नियमाने, म्हणजे त्या दोन आकड्यांची वजाबाकी करण्यात अर्थ नाही. आणि ६४ म्हणजे किती, तर साधारण १६ मीटर उंचीवरून, पाच मजल्यांवरून पडल्याएवढा वेग. १०० ने जाताना ऊर्जा त्याच्या जवळजवळ अडीच पट असते. पाच स्टारची टेस्ट त्या वेगाला झालेलीच नाही, म्हणून मागच्या सीटवरच्या प्रत्येकाने, अगदी आजीनेसुद्धा, बेल्ट लावायलाच हवा. बघायला जाल तेव्हा मागच्या मधल्या सीटला तीन टोकांचा बेल्ट आणि नीट हेडरेस्ट आहे का ते स्वतः बसून बघा.

एसयूव्ही उंच असते म्हणून आपल्याला आवडते, पण उंचीची किंमत आहे. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचं अर्धं भागिले गुरुत्वमध्याची उंची, असा एक साधा गुणोत्तराचा आकडा असतो, अमेरिकेतल्या मोजणीत तो कारसाठी साधारण १.३ ते १.५ आणि एसयूव्हीसाठी १ ते १.३ येतो. जेवढा कमी तेवढी गाडी उलटायला सोपी. टपावर कॅरिअर लावून बॅगा चढवल्या की गुरुत्वमध्य अजून वर जातो आणि हवेचा विरोधही वाढतो, म्हणून जड सामान डिकीत तळाशीच ठेवा. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये अचानक वळवण्याच्या टेस्टला मर्सिडीजची उंच छोटी ए-क्लास उलटली आणि त्यानंतर कंपनीने तिला ईएससी स्टँडर्ड दिलं, म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून ती सरळ करणारी सिस्टिम. माझ्यासाठी ईएससी नसलेला व्हेरिएंट यादीतूनच बाद, मग स्क्रीन कितीही मोठी असो.

ग्राउंड क्लिअरन्समध्ये एलेव्हेटचे २२० मिलिमीटर या गटात उठून दिसतात, कुशाकचे १८८, पण हे रिकाम्या गाडीचे आकडे. पाच जण बसल्यावर स्प्रिंग दबतात आणि त्यातले बरेच मिलिमीटर जातात.

म्हणून टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, घरचे चार मोठे लोक घेऊन जा, एसी फुल्ल ठेवा, जवळच्या फ्लायओव्हरच्या चढावर गाडी मुद्दाम सावकाश आणा आणि मागेपुढे रस्ता मोकळा असताना २० वरून ६० ला किती सहज जाते ते बघा. मग मागच्या सीटवर स्वतः बसून तोच रस्ता परत करा. आणि घरच्या दोन मोठ्या बॅगा नेऊन डिकीत ठेवून बघा, विशेषतः हायब्रिडमध्ये, कारण बॅटरी तिथेच खाली बसवलेली असते आणि डिकी साध्या व्हेरिएंटपेक्षा बरीच लहान होते.