मंदीनंतरचा रीट लाभांश

मॉल, कार्यालये, गोदामे, भाड्याची घरे अशा मालमत्ता बाळगून त्यांचे भाडे भागधारकांत वाटणाऱ्या संस्थांना रीट म्हणतात. अमेरिकेत 1960 च्या कायद्याने त्या अस्तित्वात आल्या. करपात्र उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा (2001 पासून किमान 90 टक्के) वाटला, की वाटलेल्या रकमेवर कंपनीकर लागत नाही. त्यामुळे निवृत्तांसह अनेकांनी रीटचा लाभांश जवळजवळ व्याजासारखा धरला. मंदी आली की हा समज आधी मोडतो.

मेख ‘करपात्र’ या शब्दात आहे. इमारतीवरचा घसारा (जुनी होताना घटणारी किंमत) हिशेबात वजा होतो, पण तो रोखीने कोणाला द्यावा लागत नाही. म्हणून चांगल्या काळात बऱ्याच रीट कायद्याने लागतो त्यापेक्षा जास्त लाभांश देतात. मंदीत हा वरचा भाग कापला तरी नियम मोडत नाही. उत्पन्नच आटले, तर सक्तीची रक्कमही तेवढीच खाली येते. भागधारकाला अमुक डॉलर मिळतीलच, अशी हमी कायद्याने कधीच दिलेली नाही.

2008 च्या अरिष्टात भाड्यापेक्षा कर्जाचा प्रश्न मोठा होता. मुदत संपलेली कर्जे नव्याने मिळेनात. जनरल ग्रोथ प्रॉपर्टीज या मॉलमालक कंपनीने ऑक्टोबर 2008 मध्ये लाभांश थांबवला आणि एप्रिल 2009 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. रोकड हातात राहावी म्हणून अमेरिकी करखात्याने डिसेंबर 2008 मध्ये सवलत दिली : लाभांशाचा 90 टक्क्यांपर्यंतचा भाग शेअरच्या रूपात देता येईल. सायमन प्रॉपर्टी ग्रुप या मॉलमालक रीटने 2009 च्या सुरुवातीला शेअरमागे 90 सेंट जाहीर केले, त्यांत रोख फक्त दहा टक्के होती. कर मात्र पूर्ण लाभांशावर. म्हणजे 100 डॉलरच्या लाभांशात हाती 10 आले आणि कराचा दर 25 टक्के असला, तर उरलेले 15 खिशातून भरायचे किंवा मिळालेले शेअर पडत्या भावात विकायचे. कायदेशीर असली तरी ही तऱ्हा छोट्या गुंतवणूकदाराला जाचणारी होती.

मंदी सरली की भागधारक आधीच्या आकड्याची वाट पाहू लागतात. व्यवस्थापन सहसा आधी कर्ज हलके करते, रोकड साठवते आणि मग लाभांश बेताबेताने वाढवते. शिवाय मंदीत स्वस्तात झालेले भाडेकरार संपेपर्यंत भाडे चढत नाही. 2020 च्या महासाथीत सायमनने तिमाही लाभांश 2.10 वरून 1.30 डॉलरवर आणला; दुकानांच्या जागा भाड्याने देणाऱ्या रिअल्टी इन्कम या रीटने मात्र मासिक लाभांश चालू ठेवला. एकाच उद्योगात इतका फरक पडतो, म्हणून शेअरचा भाव पडल्याने फुगलेला परताव्याचा टक्का (भावाच्या तुलनेत लाभांश) पाहून भुलू नये. तो टक्का मागच्या लाभांशावर काढलेला असतो, आणि कपातीची घोषणा बहुधा त्यानंतर होते.

भारतात रीटसाठी सेबी या बाजार नियामकाचे नियम 2014 चे. शेअर बाजारावर पहिली नोंदणी एम्बसी ऑफिस पार्क्सची, एप्रिल 2019 मध्ये. ऐरोली आणि पुण्यात कार्यालये असलेली माइंडस्पेस ही रीट ऐन महासाथीत, ऑगस्ट 2020 मध्ये बाजारात आली. इथे 90 टक्क्यांचा नियम करपात्र उत्पन्नाला नव्हे, तर निव्वळ वितरणयोग्य रोख प्रवाहाला (वाटण्याजोग्या उरलेल्या रोकडीला) लागतो, त्यामुळे घसाऱ्याचा आडोसा उरत नाही. पण कर्जफेड हा प्रवाह मोजतानाच वजा होते, म्हणून तंगीत वितरण इथेही घटू शकते. निव्वळ कर्ज मालमत्तेच्या मूल्याच्या 49 टक्क्यांपुढे नेता येत नाही, आणि 25 टक्के ओलांडताच पतमानांकनासोबत युनिटधारकांची (इथल्या रीटच्या भागधारकांची) संमतीही लागते.